नीतीचे कायदे आणि ऐकीव माहिती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेली तीस वर्षे मी वकिली करते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी विधी महाविद्यालयात कायद्याचा इतिहास शिकवते. लोकांना कायदा ठाऊक नसतो, ही माझी तक्रार नाही. त्यावरच माझा उदरनिर्वाह चालतो. तक्रार आहे ती दोन समजुतींबद्दल. समाजाला जे रुचत नाही ते बेकायदा असलेच पाहिजे, ही पहिली. आणि जे सर्रास चालते ते कायदेशीर असलेच पाहिजे, ही दुसरी. गेल्या तीन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या दोहोंपैकी एका समजुतीतून लिहिलेली होती. दारू, दुसरे लग्न, जुगार, नाच, नाटक, बहिष्कार या साऱ्यांविषयीचे जे कायदे आज आपल्याला अडवतात किंवा वाचवतात, त्यांतले पुष्कळसे स्वातंत्र्याच्या आगेमागे, साधारण १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत, जुन्या मुंबई राज्याच्या किंवा दिल्लीच्या विधिमंडळात घडले. नवे राष्ट्र उभारायचे तर आधी नवा नागरिक घडवला पाहिजे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. म्हणून उत्तरे देताना थोडा इतिहास येईल. त्याशिवाय यांतली निम्मी कलमे समजत नाहीत.

प्रश्न : विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा असून तक्रार दिल्यास पोलीस लगेच अटक करतात, असा संदेश आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आला आहे. हे खरे आहे का? (वाशी)

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधाला गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते पुन्हा आलेले नाही. घटस्फोटासाठी मात्र असा संबंध आजही कारण ठरतो. त्यासाठी गटावर नव्हे, कौटुंबिक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाकडे विचारणा करावी.

प्रश्न : घरी पाहुण्यांसाठी एखादी बाटली ठेवायची तर खरोखर परवाना लागतो का? सगळे तर हसतात. (घणसोली)

उत्तर : लागतो. हसणाऱ्यांकडेही बहुधा तो नसतो. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. वयाची अट सौम्य बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. घरात किती साठा चालतो, हे दुकानदाराच्या तोंडून न ऐकता विभागाच्या कार्यालयात विचारा.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या ट्रंकेत १९५०च्या दशकातील दारूचा परवाना सापडला. त्यावर प्रकृतीचे कारण दिलेले आहे. वडील आयुष्यभर ठणठणीत होते. त्यांनी सरकारची फसवणूक केली होती का? आणि हा कागद घरात ठेवल्याने आम्हांला काही अडचण येईल का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : अडचण काहीही येणार नाही. तो कागद वाळवी लागू न देता जपून ठेवा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांब आहे, आणि ते लांबच देण्याची माझी इच्छा आहे.

दारूबंदी ही आपल्याकडे केवळ आरोग्याची किंवा सभ्यतेची बाब म्हणून आलेली नाही. इंग्रजी राजवटीत अबकारी, म्हणजे दारूवरचा कर, हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचे दारू गाळणे सरकारच्या आणि मक्तेदारांच्या हाती गेले. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा झाला. ज्या मोहावर वारली आणि कातकरी घरे दुष्काळात पोट भरत, ती फुले बाळगणे म्हणजे गुन्ह्याची शक्यता, अशी ती व्यवस्था होती. असहकाराच्या आणि पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढे निरोधने (पिकेटिंग) झाली, त्यांत बायका पुढे होत्या, आणि त्यामागे नीतीइतकाच परक्या सरकारचा महसूल बुडवण्याचा विचार होता. त्यामुळे स्वराज्य आले की दारूबंदी येणार, हे ठरल्यासारखेच होते. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात तिचा पहिला प्रयोग केला, डॉ. गिल्डर त्या खात्याचे मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि त्या वर्षीच्या जूनपासून लागू झाला.

याच काळात संविधान सभेत दारूबंदीच्या निदेशक तत्त्वावर, म्हणजे सरकारला धोरणाची दिशा सांगणाऱ्या तरतुदीवर, चर्चा झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये आदिवासी नेते जयपाल सिंग यांनी आदिवासींच्या धार्मिक आचारात तांदळाच्या मद्याला स्थान आहे, याकडे लक्ष वेधले. कोल्हापूरचे खर्डेकर यांनीही विरोधात भाषण केले. दोघांचे ऐकून घेतले गेले आणि ते तत्त्व, आजचा अनुच्छेद ४७, मंजूर झाले. औषधी प्रयोजनाचा अपवाद मात्र त्या अनुच्छेदातच आहे. तुमच्या वडिलांचा परवाना त्या अपवादाच्या फटीतून आलेला आहे.

कारण कायद्याने सर्वांना सारखे बांधले नव्हते. परदेशी नागरिकांसाठी परवाने होते, सैन्याच्या मेससाठी सवलत होती, आणि प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरांचा दाखला आणणाऱ्यालाही परवाना मिळे. ज्याचे डॉक्टरांशी बोलणे होते, ज्याला अर्ज लिहिता येत होता, शुल्क परवडत होते, तो कागदावर आजारी झाला आणि घरात सुखाने प्याला. ज्याला यांतले काहीच शक्य नव्हते, तो खाडीच्या खारफुटीत लावलेल्या हातभट्टीकडे वळला. पहिल्याच्या नावावर व्याधी नोंदली गेली आणि दुसऱ्याच्या नावावर गुन्हा. वडिलांनी फसवणूक केली का, असे तुम्ही विचारता. मला विचाराल तर कायद्याने एक खोटे बोलण्याची सोय करून दिली आणि हजारो सभ्य गृहस्थांनी ती वापरली.

या कायद्याला १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सामोरे जावे लागले. फ्राम बलसारा या मुंबईकर पारशी गृहस्थांनी व्हिस्की आणि बिअरपासून ओ-द-कलोन या सुगंधी द्रव्यापर्यंत सर्व वस्तू वापरण्याचा हक्क मागितला होता. न्यायालयाने कायद्याचा गाभा उचलून धरला, सैन्याच्या आणि परदेशी लोकांच्या सवलतीही मान्य केल्या. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्यावरील बंदी रद्द केली. शिवाय मादक पदार्थाची नुसती वाखाणणी करणे हाही गुन्हा ठरवणारा भाग भाषणस्वातंत्र्याच्या विरोधी म्हणून बाद केला. दारूचे कौतुक केले तरी शिक्षा, असा कायदा आपल्या विधिमंडळाने शुद्ध हेतूने केला होता, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते हसतात. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. पुढे १९५४ मध्ये पेसिकाका यांच्या प्रकरणात, तोंडाला आलेला वास औषधाचा नव्हता हे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. विधिमंडळाने त्यावर उपाय म्हणून कलमच बदलले : रक्तात ठरावीक प्रमाणाहून अधिक अल्कोहोल आढळले, तर ते औषधातून आले हे आरोपीनेच दाखवायचे. नीतीचा कायदा अंमलात येईना, की पुराव्याचे ओझे नागरिकाच्या खांद्यावर सरकते. हे मी पुढच्या अनेक कायद्यांतही पाहिले आहे.

१९६०च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने बंधने सैल केली. पण कायदा रद्द करण्याचे धाडस कोणी केले नाही. आजही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे वगळता सर्वत्र दारू मिळते, आणि ती मिळते त्याच १९४९च्या ‘दारूबंदी’ अधिनियमाखाली. दारूवरचा कर गोळा करणारे आणि दारूबंदी अंमलात आणणारे खाते एकच आहे! यातून निपजलेली स्थिती माझ्या दृष्टीने सर्वांत घातक आहे. ज्या नियमाचा भंग जवळजवळ प्रत्येकाने केलेला असतो, त्या नियमाखाली कोणाला पकडायचे हे कायदा ठरवीत नाही, अंमलदार ठरवतो. आणि अंमलदाराची नजर परवानाधारकाच्या दिवाणखान्यात जात नाही. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्यांतल्या कोणाच्या घरी असा परवाना सापडला असता, असे मला वाटत नाही.

तुमच्या घरातील कागदाला ऐतिहासिक मोल आहे. तो कोणत्या संग्रहाला द्यायचा विचार असेल, तर आधी अभिलेखागारातील जाणकाराला दाखवा आणि लॅमिनेशन मात्र करू नका.

प्रश्न : आमचे धर्म वेगळे आहेत. न्यायालयाजवळ एका एजंटाने ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज, सर्टिफिकेटसह’ असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. देऊ का? (कोपरखैरणे)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. न्यायालयात लग्ने लागत नाहीत. ती विवाह अधिकाऱ्यापुढे, विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली होतात, आणि त्यासाठी नोटिशीनंतर ३० दिवस थांबावेच लागते. तुम्हां दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हायला हवे, आणि त्या दिवशी तीन साक्षीदार हवेत. नोटीस देण्याची सोय नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही आहे. एजंट जे एका दिवसात करून देतो ते बहुधा वेगळेच असते : कुठल्या तरी खोलीत हार घालून धार्मिक विवाह झाल्याचे कागद तयार करायचे आणि १९९८च्या राज्य कायद्याखाली त्याची नुसती नोंदणी करायची. दोन्ही पक्ष हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बसत असतील आणि विधी खरोखर झाला असेल, तर त्या नोंदणीला अर्थ आहे. तुमच्या बाबतीत तिने काहीच साधत नाही. उलट कोणाचा तरी धर्म कागदावर बदललेला दाखवला जातो आणि दहा वर्षांनी वारसाहक्काच्या दाव्यात तो कागद समोर येतो.

हा ३० दिवसांचा काळ त्रासाचा असतो, हे मी जाणते. नोटीस फलकावर लागते, कोणीतरी ती वाचतो, घरी फोन जातो. १८७२च्या कायद्यात अशा जोडप्याला आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताच मानत नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची त्यातून सुटका केली, आणि १९५४च्या कायद्याने धर्म न सोडता कोणालाही कोणाशी लग्न करण्याची वाट खुली केली. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते, पण नोटिशीचा फलक मात्र जुन्या कायद्यातून तसाच पुढे आला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवले. तो निर्णय आपल्याकडच्या कार्यालयांना बांधील नाही. एवढे लक्षात ठेवा की हरकत फक्त वय, आधीचा जोडीदार, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते याच मुद्द्यांवर घेता येते. ‘आम्हांला पसंत नाही’ ही हरकत नव्हे. घरून धोका वाटत असेल तर नोटीस देण्यापूर्वीच वकिलाला भेटा, नंतर नव्हे.

प्रश्न : माझ्या पतीने चार वर्षांपूर्वी गावच्या देवळात दुसरे लग्न केले. सासरचे म्हणतात की फक्त हार घातले, सप्तपदी झाली नाही, त्यामुळे गुन्हा होत नाही. शिवाय पतीने नोटरीकडून घटस्फोटाचा कागद करून आणला आहे. मी गप्प बसावे का? (कळवा)

उत्तर : ताई, नोटरीच्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. मुद्रांक कितीही रुपयांचा असो, त्यावर दोघांच्या सह्या असोत वा नसोत, तो कागद घटस्फोट नाही. असे कागद करून देणाऱ्यांनी या जिल्ह्यात किती बायकांची वर्षे खाल्ली आहेत, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली. ज्या समाजात रूढीने घटस्फोट मान्य आहे तेथेही ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

आता सप्तपदीचे. सासरच्यांनी अर्धे सत्य सांगितले आहे आणि त्या अर्ध्याचाच आधार अनेक पुरुष घेतात. मुंबई प्रांताने हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ मध्येच बंदी केली होती, देशात एकच असा हिंदू विवाह कायदा होण्याच्या नऊ वर्षे आधी. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा, १९५१ मध्ये, न्या. छगला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा टिकवला. समाजसुधारणा टप्प्याटप्प्याने करण्याचा अधिकार सरकारला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे त्याच विधेयकाचे तुकडे पाडून १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायदे झाले आणि दुसरे लग्न देशभर गुन्हा ठरले. इतक्या मोठ्या लढ्यानंतर मिळालेल्या या कलमाला १९६५ मध्ये महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे यांच्या प्रकरणात एक भगदाड पडले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुसरे लग्न योग्य विधींनी ‘साजरे’ झाले हे सिद्ध व्हायला हवे. त्या प्रकरणात गांधर्व पद्धतीचा विधी झाला होता, होम आणि सप्तपदी झाली नव्हती, आणि त्यांना फाटा देणारी रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून आरोपी सुटला. कायदा पहिल्या बायकोच्या संरक्षणासाठी होता. त्याने तिलाच नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नातील अक्षता मोजायला लावले.

पण उरलेले अर्धे सत्य असे की, सप्तपदी प्रत्येक लग्नाला लागते असे कायदा कोठेही म्हणत नाही. दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेला विधी पुरेसा असतो. त्या समाजात हार घालून, मंगळसूत्र बांधून लग्न लागत असेल आणि ते साक्षीदारांनी सिद्ध केले, तर बचाव टिकत नाही. म्हणून प्रश्न पुराव्याचा आहे, आणि येथेच मला तुमचे थोडे रागावायचे आहे. चार वर्षे! या गुन्ह्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्याने तक्रारीला मुदतीची अडचण येत नाही, हे तुमचे भाग्य. पण पुजारी देऊळ सोडून जातो, छायाचित्रकार जुन्या फिती पुसून टाकतो, पाहुणे ‘आम्हांला आठवत नाही’ म्हणू लागतात. पत्रिका, फोटो, गावातील जेवणाचे बिल, सभागृहाची पावती, जे मिळेल ते आता गोळा करा. पोलिसांनी तक्रार नोंदवली नाही म्हणून परत फिरू नका. ही तक्रार तुम्हांला थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि लग्न जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने ती जुन्या भारतीय दंड संहितेखाली होईल. पती सरकारी नोकर असेल तर सेवेचे वर्तणूक नियमही आड येतात. फौजदारी तक्रार फसली तरी पोटगी, राहण्याचा हक्क आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा यांवर त्याचा परिणाम होत नाही. कशाला आधी हात घालायचा हे कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; महिलांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. या आठवड्यात जा.

प्रश्न : वाशीच्या मिनी सी-शोअरवर मैत्रिणीबरोबर बसलो असता पोलिसाने १,२०० रुपये मागितले आणि घरी फोन करण्याची धमकी दिली. हा कोणता कायदा? (ऐरोली)

उत्तर : महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ११०. सार्वजनिक ठिकाणी अंगप्रदर्शन करणे, असभ्य भाषा वापरणे किंवा असभ्य वर्तन करणे, असे त्यात म्हटले आहे. असभ्य म्हणजे काय, ते मात्र सांगितलेले नाही. बसणे असभ्य नाही, बोलणे नाही, हात धरणेही नाही, असे माझे मत आहे. परंतु त्या क्षणी माझे मत तेथे हजर नसते, शिपाई हजर असतो. १९५१च्या विधिमंडळाला डोळ्यांपुढे दंगेखोर आणि मवाली दिसत होते. सत्तर वर्षांनी ते कलम तलावपाळीच्या कट्ट्यावर, उपवनात आणि पाम बीचच्या कडेला बसलेल्या विशीतल्या मुलांवर वापरले जाते. दंड ठोठावणे हे न्यायालयाचे काम आहे. रोख मागितली तर पावती मागा, नाव आणि क्रमांक विचारा, वाद घालू नका, धावू नका. प्रौढ व्यक्तीच्या घरी फोन करण्याची तरतूद कोणत्याही कलमात नाही. तसेच, पुष्कळांनी विचारले आहे म्हणून, अविवाहित प्रौढ जोडप्याने हॉटेलात खोली घेणे हाही गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. खोली नाकारणे हा हॉटेलचा धंद्याचा निर्णय असतो, त्याला ‘सरकारी नियम’ म्हणून खपवले जाते. प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलेच, तर कशावरही सही करण्यापूर्वी वकिलाला फोन करा.

प्रश्न : २००५ मध्ये डान्स बार बंद केले होते ना? मग पनवेलकडे आजही त्यांच्या बातम्या कशा येतात? (खारघर)

उत्तर : बंदी टिकली नाही म्हणून. तेव्हा पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमे घातली गेली. पहिल्याने बारमधील नाच बंद केला आणि दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना त्यातून सूट दिली. म्हणजे तोच नाच महाग ठिकाणी संस्कृती आणि स्वस्त ठिकाणी अधःपतन! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नेमक्या या भेदावर बोट ठेवले. १९४९च्या कायद्याखालील परवान्याशी याचे नाते नौपाड्याच्या वाचकांना सांगावे लागणार नाही. त्यानंतर २०१६चा नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९च्या निकालाने परवाना आणि वेळेची अट कायम राहिली, पण धार्मिक व शैक्षणिक स्थळांपासून एक किलोमीटरची अट आणि आतील कॅमेऱ्यांची सक्ती गेली, नोटा उधळण्यावरील बंदी मात्र राहिली. आज परवान्याशिवाय चालणारे ठिकाण बेकायदा आहे. परवाना घेऊन अटींत चालणारे नाही. तेथे गुंतवणूक करायला कोणी सांगत असेल तर परवान्याची प्रत वकिलाकडून तपासून घ्या, आणि तरीही करू नका.

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेच्या नाटकात शिव्या आहेत. संहिता तपासून घेणे आवश्यक आहे का? तालमी निम्म्या झाल्या आहेत. (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : आवश्यक आहे, आणि तालमींआधी द्यायला हवी होती. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र नसेल तर गडकरी रंगायतनसारखे नाट्यगृह आयत्या वेळी अडचणीत आणू शकते. १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्यात बदनामी, राजद्रोह आणि नीतिभ्रष्टता एकाच वाक्यात बसवली होती; खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती अर्थातच नीतीसाठी नव्हे. तो कायदा आता रद्द झाला असला तरी पूर्वतपासणी पोलीस कायद्यातून चालूच आहे. शिवी आली म्हणजे अश्लीलता झाली, असे मात्र नाही. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातील एका कथेबद्दल लेखक चंद्रकांत काकोडकरांना उच्च न्यायालयाने दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये संपूर्ण कथा वाचून ते फिरवले. मंडळाने कापण्यास सांगितलेल्या जागा लेखी मागून घ्या. पटल्या नाहीत तर लेखी हरकत घ्या. प्रयोगात परस्पर बदल करू नका.

प्रश्न : मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणे कायदेशीर आहे, कारण ते कौशल्याचे आहे, असे जाहिरातीत ऐकले. (तुर्भे)

उत्तर : जाहिरात जुन्या निकालावर जगते. रमीत कौशल्य असते हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, उपलब्ध करून देण्यासच बंदी घातली आहे. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, पण त्याचे बुडालेले पैसेही सहसा परत येत नाहीत. जुगार हा व्यापार नव्हे, हे सांगताना १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्ताचा दाखला दिला होता. ते सूक्त आपल्या मुलाला वाचायला द्या. कर्ज झाले असेल तर सायबर पोलीस आणि वकील, दोघांकडे जा.

प्रश्न : मुलीने जातीबाहेर लग्न केल्यावर आमच्या पंचांनी दंड मागितला आणि तो न दिल्याने लग्नकार्याला, अंत्यविधीला बोलावणे बंद केले आहे. पंच म्हणतात की हा समाजाचा अंतर्गत प्रश्न असून १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसे सांगितले आहे. (कळंबोली)

उत्तर : पंचांना कोणीतरी निकाल वाचून दाखवलेला दिसतो, पण पूर्ण नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये, दारूबंदीच्याच वर्षी, समाजातून वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. एकाच विधिमंडळाने एकाच वर्षी केलेल्या या दोन कायद्यांतला मला मनापासून आवडणारा हा दुसरा. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला, कारण धार्मिक कारणासाठी बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असे बहुमताला वाटले. सरन्यायाधीश सिन्हा यांनी भिन्न मत दिले. जातपंचायतीने आंतरजातीय लग्नासाठी दंड मागणे हा त्या निकालाचा विषयच नव्हता. आणि आता महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे : सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण देणारा २०१६चा अधिनियम, जुलै २०१७ पासून लागू. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि बहिष्काराचा निर्णय घेणाऱ्या बैठकीत सहभागी होणेही त्यात येते.

दंड भरू नका; भरलात तर पुढच्या घराकडे मागताना तुमचा दाखला देतील. बैठक केव्हा, कोठे झाली, कोण हजर होते, दंडाचा आकडा कोणी सांगितला, कोणत्या कार्याला बोलावणे टाळले, हे तारखांसह आजच एका वहीत लिहून काढा. फोनवरील संभाषण आणि संदेश पुसू नका, दुसऱ्या फोनवर नुसते पुढे पाठवून मूळ फोन विकूही नका. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. या प्रकारची प्रकरणे हाताळलेला वकील किंवा जातपंचायतींविरुद्ध काम करणारा कार्यकर्ता बरोबर असल्याशिवाय पहिला जबाब देऊ नका, कारण पहिल्या जबाबात ‘दंड’ ऐवजी ‘वर्गणी’ असा शब्द लिहिला गेला, तर पुढे तो बदलताना फार कष्ट पडतात.